तिच्या वतीने

४ ऑगस्ट २०२४, रविवार

विद्यापीठातली मुलगी आज येऊन गेली. नाव चारुता. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, चहा बिनसाखरेचा पिते. रंभाच्या विसरण्यावर ज्यांचं औषध चालू आहे त्या डॉक्टरांनी आमचा नंबर दिला, अर्थात मला विचारून. तिचा पीएच.डी.चा विषय असा: ज्या घरात एका माणसाची स्मरणशक्ती जाते आहे, त्या घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात. रविवारी येणार, जेवणाच्या टेबलावर रेकॉर्डर ठेवणार, आम्ही तासभर आपलं रोजच्यासारखं बोलायचं. म्हटलं ये. तेवढीच रंभाला सोबत.

संमतीपत्र चार पानी. मी सगळं वाचलं. हल्ली कोणी वाचत नाही, सही कुठे करायची तेवढं विचारतात. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं होतं, ते पेन्सिलीने दाखवलं. पोरगी ओशाळली. बत्तीस वर्षं बेलापूरच्या कचेरीत लघुलेखक होतो, त्यातली अठरा वर्षं मोठ्या साहेबांचा पीए. साहेब अर्धं वाक्य बोलायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. पुढचं मी लिहायचो. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "घरत, माझ्या मनातलं मला कळायच्या आत तुम्हाला कळायचं." आमच्या गावचा पहिला ग्रॅज्युएट मी. हे सगळं चारुताला सांगितलं. ती लिहून घेत होती.

मग तिने रंभाला वेगळं विचारलं. "काकू, तुमचं बोलणं रेकॉर्ड करू का? आमच्या अभ्यासासाठी वापरू का? नको असेल तर सरळ नको म्हणा, मला राग येणार नाही." रंभा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, तिची काही हरकत नाही. मग रंभाने सही केली. अजून सुरेख करते. लग्नानंतर मीच शिकवली होती.

चारुता म्हणाली, दर वेळी रेकॉर्डर लावला की दोघांना पुन्हा विचारीन, ह्या आजारात आजचा होकार उद्या असेलच असं नाही. विद्यापीठवाल्यांची हौस. असो.

११ ऑगस्ट, रविवार

पहिलं रेकॉर्डिंग झालं. चांगलं झालं असं मला वाटतं. माझा आवाज अजून खणखणीत आहे.

रंभा मधेच तिच्या माहेरच्या मिठागरावर गेली. "आमचे बाबा पहाटचे मना नेवाचे, तवा पान्यावर..." आणि अडकली. तिला शब्द सापडत नाही तेव्हा ती हात हवेत फिरवते, आणि मला ते बघवत नाही. मी लगेच दिला, "पापडी धरायची." मग पुढची सगळी गोष्ट मीच सांगितली. मला पाठच आहे ती. उन्हाने पाणी आटत जायचं, वर मिठाची पातळ पापडी धरायची, पोरांना तिच्यावर फुंकर मारायलाही बंदी. रंभा ऐकत होती. शेवटी नुसतं "हाय" म्हणाली.

चारुताने तिला विचारलं, "काकू, पाण्यावर काय व्हायचं म्हणत होता तुम्ही?" आत्ताच सांगितलं ना मी. ह्या मुली फोनवर नजर ठेवतात आणि कान कुठे ठेवतात कोण जाणे.

१ सप्टेंबर, रविवार

आज चारुताशी जरा वाजलं. सुरुवातीला ती तिचा प्रश्न विचारते, "आजचं बोलणं वापरायला तुमची दोघांची संमती आहे का?" मी म्हणतो, "दोघांची आहे." चौथ्या वेळी ती हळूच म्हणाली, "काका, काकूंचं उत्तर त्यांच्याच तोंडून आलं तर बरं."

मी म्हटलं, पंचेचाळीस वर्षं संसार केला आहे. हिचा होकार वेगळा आणि माझा वेगळा, असं कधी झालेलं नाही. तिला प्रश्न कळायला दोन मिनिटं लागतात, मग उत्तर शोधायला दोन मिनिटं, तोवर ती घाबरीघुबरी होते. तुला काय हवं आहे, तिचा होकार का तिचे हाल? ह्यावर तिने वही मिटली. रंभाला म्हणाली, "काकू, नुसती मान हलवली तरी चालेल." रंभाने हलवली. झालं की मग.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरींसाठी मेव्हणी आली होती, सोनाबाई. दोन दिवस राहिली. दोघी बहिणी स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत बसल्या होत्या आणि मी बाहेर पेपर वाचत होतो. बराच वेळ रंभाचा आवाज येत होता. हसण्याचाही आला. काय चाललंय म्हणून आत गेलो तर दोघी गप्प.

"काय गप्पा?" मी विचारलं.

"काय नाय भावजी," सोनाबाई म्हणाली. "तुमी बसा बाहेर, आमी आनतो."

निघताना दारात चपला घालत मला म्हणाली, "ती बोलते ओ अजून. तुमी जरा दम धरा." सोनाबाईला काय जातंय सांगायला. दोन दिवसांची पाहुणी ती. चोवीस तास मी असतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो. पेन्शन चालू ठेवायची तर दर नोव्हेंबरात जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. ह्या खेपेला त्यांच्या मशीनला माझा अंगठा पटेना. दहाही बोटं टेकवून झाली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, रेषा झिजल्यात तुमच्या. पुढच्या मंगळवारी या, नवीन मशीन येतंय." मी समोर उभा, आवाज चढवून बोलतोय, आणि तिला पुरावा हवा. अडीच तास गेले.

रविवारी भाऊबीज होती म्हणून चारुता आज येणार होती, ते मी साफ विसरलो. परत आलो तर ती रंभाबरोबर बसलेली. रेकॉर्डिंग उरकलं म्हणाली. माझ्याशिवाय काय रेकॉर्ड केलं असेल? रंभाचे डोळे लाल होते, पण चेहरा स्वच्छ होता. काय बोललात विचारलं तर "काय नाय." चारुताही नुसती हसली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

अंगठा तिसऱ्या खेपेला पटला. मी अधिकृतपणे जिवंत आहे.

तिन्ही मंगळवारी चारुता इथे होती. म्हणाली, तुम्ही बाहेर असता तेव्हा काकूंजवळ कुणीतरी हवं ना, आणि माझंही काम होतं. चांगली मुलगी आहे. आज घरात शिरलो तेव्हा रंभा तिचा हात हातात धरून बसली होती. मला बघून सोडला.

१५ डिसेंबर, रविवार

आज रेकॉर्डिंग चालू असताना रंभा एकदम म्हणाली, "माजी जागा गेली." चारुताने विचारलं, कुठली जागा? रंभा हात फिरवायला लागली. तिला कशाला त्रास, म्हणून मीच खुलासा केला. इथेही लिहून ठेवतो.

सासऱ्यांचं मिठागर होतं, उरणच्या वाटेवर. विमानतळाचं वारं सुटलं तसे तिकडच्या जमिनींचे भाव चढले आणि घरोघरी बहिणींना बोलावणी जायला लागली, हक्कसोडपत्रावर सह्या करायला. कायद्याने लेकीचाही वाटा असतो, तो भावांच्या नावे सोडून द्यायचा. आमच्याकडे बहुतेक लेकी सोडतात. न सोडणारीचं माहेर तुटतं, मग भाऊबीजेला कोण बोलावणार? रंभाच्या भावांनी मला विचारलं, मी एका शब्दात हो म्हटलं. मी सरकारी नोकर, मला काय कमी होतं.

निबंधकाने रंभाला विचारलं, "बाई, राजीखुशीने सोडताय ना?" मी म्हटलं, "राजीखुशीने." तो म्हणाला, बाईंना बोलू द्या. रंभाने मान हलवली. परत येताना रिक्षात म्हणाली, "मना त्यातली एक कोंडी हवी होती." कोंडी म्हणजे मिठाचा एक वाफा. मी विचारलं, काय करणार होतीस एका कोंडीचं? म्हणाली, "काय नाय. बगाला." मी हसलो होतो तेव्हा. लेकीला, समीक्षालाही सांगितलं होतं गंमत म्हणून. ती हसली नाही, पण ती लहानपणापासून तशीच आहे, आईच्या वळणावर गेलेली.

चारुताने विचारलं, "काकू, त्या दिवशी तुम्हाला कसं वाटलं?" मी म्हटलं, तिला कसं वाटणार, आजही दर भाऊबीजेला साडी येते. चारुताने रेकॉर्डर जरा लवकर बंद केला. तिला लवकर निघायचं असेल.

१९ जानेवारी २०२५, रविवार

शब्द भराभर जाताहेत. गेल्या आठवड्यात "पाणी" गेलं. पेला दाखवते. आज तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये ती सहा-सात शब्द बोलली असेल. मी तिच्या वाटचंही बोललो, म्हणजे चारुताची खेप फुकट जाऊ नये. "आता रंभा म्हणेल की भाजीत मीठ कमी आहे," असं म्हटलं, तर रंभा उठून आत गेली.

२ मार्च, रविवार

समीक्षा रोडपालीहून आली. तिने आईला विचारलं, "आई, मी कोण?" रंभाने तिच्या गालावर हात ठेवला, नाव आलं नाही. मी म्हटलं, "समीक्षा. समीक्षा म्हण." समीक्षा माझ्यावर उखडली. "बाबा, तिला एकदा तरी शोधू द्या ना." मग दोघीही रडायला लागल्या. मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. माझं काय चुकलं ते मला खरंच कळलं नाही. बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही तर काय करायचं?

२७ एप्रिल, रविवार

आज शेवटचं रेकॉर्डिंग. चारुताने प्रश्न विचारला, मी "दोघांची आहे" म्हटलं, आणि पुढे तासभर मी आणि पंखा. एकूण चोवीस झाली. चारुताने रंभाच्या पाया पडताना बराच वेळ डोकं वर केलं नाही. रंभाने तिच्या केसांवरून हात फिरवला. आमच्या घरातून रविवार गेला.

२१ मे, बुधवार

तीन आठवड्यांत एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, बोलणं परत येईल अशी आशा धरू नका.

घर एवढं गप्प मला सोसत नाही. मी एकटाच बडबडत असतो, मग माझाच कंटाळा येतो. काल समीक्षाला फोन केला की तुझ्या फोनमध्ये आईचा आवाज असेल तर पाठव. तिने सगळं चाळलं. वाढदिवसाचे व्हिडिओ, नातवाच्या बारशाचा व्हिडिओ. सगळीकडे रंभा आहे, बोलतेय मात्र दुसरंच कुणीतरी. लग्नाच्या कॅसेटवर तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई-चौघडा. पंचेचाळीस वर्षं जी बाई घरात वावरली, तिचा दोन मिनिटांचा आवाज आमच्याकडे नाही.

मग आठवलं, विद्यापीठात चोवीस तासांचा आहे. जिवात जीव आला. चारुताला निरोप पाठवला, सगळ्यांची एक-एक प्रत दे म्हणून.

१५ जून, रविवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो. 

चारुता अकराला आली. चहा नको म्हणाली. एक पत्र पुढे ठेवलं, त्यांच्या नीतिसमितीचं. चोवीस रेकॉर्डिंग तपासली, त्यातली एकवीस अभ्यासातून बाद. कारण, त्या एकवीसमध्ये श्रीमती रंभा घरत यांची संमती त्यांच्या स्वतःच्या आवाजात नाही. मान हलवलेली ऐकू येत नाही. दर वेळी मीच उत्तर दिलेलं आहे.

"मी तुम्हाला थांबवायला हवं होतं काका," ती म्हणाली. "एकदा प्रयत्न केला. मग धीर झाला नाही. माझ्या बाबांनाही मी कधी थांबवलेलं नाही. चूक माझी आहे, तसं मी समितीला लेखी दिलंय."

मी म्हटलं, बाद तर बाद, मला तुमच्या अभ्यासाशी काय करायचंय, माझ्या प्रती दे. तिने पेन ड्राइव्ह दिला. एकवीस तुम्हाला देता येतात, म्हणाली, विद्यापीठातून ती आता पुसली जातील.

मी मोजण्यातला माणूस नाही, पण चोवीसातून एकवीस गेले की तीन उरतात. विचारलं, ती तीन? ती म्हणाली, नोव्हेंबरची, मंगळवारची. तिन्हींच्या सुरुवातीला काकूंनी स्वतः हो म्हटलंय, ती वापरणार आहोत. तिने एक फॉर्म काढला. आता काकू निर्णय घेण्याच्या स्थितीत नाहीत म्हणून काळजीवाहकाला विचारावं लागतं. तीन चौकोन. पहिला, हरकत नाही. दुसरा, वापरू नये, नष्ट करावं. तिसरा, काळजीवाहकाला प्रत मिळावी.

मी पेन काढून सरळ तिसऱ्यावर नेलं. चारुता म्हणाली, "काका, एक मिनिट. नियमाने तुम्ही मागू शकता, आणि मागितली तर मला द्यावी लागेल. पण तुमच्यापासून लपवणं मला बरं वाटत नाही. पहिल्या मंगळवारी हो म्हटल्यावर काकूंनी एक अट घातली. फॉर्मवर तिला जागा नाही, म्हणून कुठे लिहिलेली नाही. नुसती आवाजात आहे."

"काय अट?"

ती पायांकडे बघत राहिली. मग जसं ऐकलं तसं सांगितलं. "तुमी वापरा, तुमच्या पोरींना ऐकवा. यांना ऐकवू नका."

रंभा समोर खुर्चीत बसली होती. बाहेर बघत होती.

मी चारुताला नको ते बोललो. माझ्या घरात येऊन, माझा चहा पिऊन, माझ्या माघारी माझ्या बायकोकडून काय काय वदवून घेतलंस म्हणालो. ती ऐकून घेत राहिली. फॉर्म टेबलावर ठेवून, तीस तारखेपर्यंत वेळ आहे म्हणून निघून गेली.

रंभाला विचारलं, "काय सांगितलंस तिला?" चार वेळा विचारलं. चौथ्यांदा आवाज एवढा चढला की ती दचकली आणि तिच्या हातातला रुमाल पडला. मग मला माझीच लाज वाटली.

१८ जून, बुधवार

रागाने जेवण जात नाही. जिचं खाणं, पिणं, न्हाणं मी करतो, ती परक्या पोरीला काळीज उघडून दाखवते आणि मला दार बंद. माझ्याबद्दलच असणार ते. नाहीतर लपवायचं कशाला?

समीक्षाला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, माझी बाजू घेईल. तिने अटीचे शब्द पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाली, "बाबा, आईने आयुष्यात एक अट घातली. एकच. तुम्ही ठरवा." आणि फोन ठेवला.

ठरवलं आहे. तिसरा चौकोन. नियमात बसतं, मी नियमबाह्य काहीही करत नाही.

२२ जून, रविवार

तरी वाटलं, आधी हाताशी आहेत ती एकवीस ऐकावीत. त्यात तिचा आवाज भरपूर असेल, मग त्या तिन्हींची गरजच काय. अट मोडण्याचं पाप नको आणि आवाजही मिळेल. नातवाने जुना लॅपटॉप जोडून दिला, कानाला लावायचं दिलं.

पहिलं ऐकलं. चौसष्ट मिनिटं.

मी बोलतो आहे. सुरुवातीपासून मीच. पहिल्यांदा बरं वाटलं, उच्चार चांगले आहेत. मग तिचा आवाज आला, "आमचे बाबा पहाटचे मना नेवाचे, तवा पान्यावर," आणि मी. मधे काही वेळ गेलाच नव्हता. मला आठवत होतं की ती बराच वेळ अडकली होती, हात फिरवत होती. मोजून बघितलं, एक सेकंद. धड एक सेकंदही नाही. पुन्हा मागे नेऊन ऐकलं. ती श्वास घेते आहे, पुढचं बोलायला, आणि मी.

२६ जून, गुरुवार

रोज पाच-पाच ऐकतोय. सगळी झाली.

तिच्या आवाजाचे तुकडे मी वहीत उतरवून घेतले. जुनी सवय, लघुलिपीत. "मना वाटते की." "त्या दिवशी मी." "नाय, तसा नाय, मी." "समीच्या वेलेला मना." "तुमी जरा." एवढंच. एकवीस तासांत तिचं पूर्ण झालेलं वाक्य मला सापडलं ते "हाय", "नाय" आणि "चा ठेवू का". "माजी जागा गेली" हे एक आहे, त्याच्यापुढे सोळा मिनिटं मी.

तिला शब्द सापडत नव्हते असं मी सगळ्यांना सांगत आलो. डॉक्टरांना सांगितलं. काही वेळा नसतील सापडत, आजार तर होताच. पण ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्ये तिच्या तोंडाशी शब्द आहे, ऐकू येतंय, ओठ उघडल्याचा आवाज आहे. आता वाटतं, आजाराच्या आधीही हेच असेल. ते कुणी रेकॉर्ड केलेलं नाही.

आज मला रडू आलं. रंभा बघत होती. उठून आली आणि पदराने माझं तोंड पुसलं. मी म्हणणार होतो, काही नाही, डोळ्यात काहीतरी गेलं. नाही म्हटलं. ती पुसत होती तेवढा वेळ गप्प बसलो.

२८ जून, शनिवार

दुपारी जेवण झाल्यावर रंभाच्या समोर खुर्ची घेऊन बसलो. फॉर्म वाचून दाखवला, सावकाश. मग विचारलं, "रंभा, ती तीन मी ऐकू का?"

आणि थांबलो.

घड्याळ मुद्दाम समोर ठेवलं होतं. एक मिनिट म्हणजे किती लांब असतं हे मला माहीत नव्हतं. दोन मिनिटांनी जीभ वळवळायला लागली. "तुझी हरकत नसेल" हे शब्द पार ओठांपर्यंत आले, गिळले. चार मिनिटं झाली. रंभाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फॉर्मकडे, मग खालच्या गुलमोहराकडे. हात हवेत फिरवला नाही. काही म्हणाली नाही.

तिच्या गप्प बसण्याला हो समजायचा मोह फार होतो. माझा जन्म गेला त्यात. पण तिने उत्तर दिलेलं आहे. नोव्हेंबरात दिलेलं आहे, तोंडाने, नीट, पूर्ण वाक्यात. मला आवडलं नाही म्हणून पुन्हा विचारत बसलोय मी.

२९ जून, रविवार

चारुताला बोलावलं. आधी तिची माफी मागितली. ती "काका, नको हो" म्हणत राहिली.

पहिल्या चौकोनात खूण केली. हरकत नाही. तिसरा कोरा ठेवला. तिने नियमाप्रमाणे रेकॉर्डर लावला, कारण तोंडीही विचारावं लागतं. "श्रीमती रंभा घरत यांच्या वतीने तुम्ही संमती देता का?"

मी म्हटलं, "तिच्या वतीने नाही. तिची संमती तिने दिली आहे. माझी हरकत नाही, एवढंच माझं लिही."

चारुताने रेकॉर्डर बंद केला. मग विचारलं, "काका, तुम्हाला एवढं तरी सांगू का, की त्यात..." मी हात वर केला. तिने वाक्य अर्धंच सोडलं. मला पुढचं माहीत नाही, आणि मी ते मनाने जोडलंही नाही.

१० ऑगस्ट, रविवार

चारुताचा फोन होता. त्या तिन्हींतलं पहिलं रेकॉर्डिंग वर्गात ऐकवलं. चौदा मुली आणि दोन मुलगे होते. कुणी मधे बोललं नाही म्हणाली. चौतीस मिनिटं काकू एकट्या बोलताहेत. मी विचारलं, आवाज कसा आहे? बोलून गेलो आणि वाटलं, हे विचारणं अटीत बसतं का नाही. ती म्हणाली, "छान आहे, काका. घोगरा आहे जरासा. मोकळा आहे."

घोगरा होता का? मला आठवत नाही. रंभाला भरवून झालं, तोंड पुसलं, तिच्याजवळ बसून डोळे मिटले आणि तिचा आवाज आठवून बघितला. "अहो" एवढं जरी आलं असतं तरी चाललं असतं. खूप वेळ बसलो. दर वेळी माझाच येतो.